वर्षातली सर्वोत्तम आणि वर्षातली सर्वांत टुकार कुस्ती, एकाच आखाड्यात

अमेरिकेत डेव्ह मेल्टझर ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ नावाचं एक पत्रक काढतात. वर्ष संपलं की त्याचे वाचक मतं टाकून त्या वर्षातली सर्वोत्तम कुस्ती निवडतात आणि सर्वांत वाईटही निवडतात. १९८७ साली सर्वोत्तम ठरली रिकी स्टीमबोट विरुद्ध रँडी सॅव्हेज. सर्वांत वाईट ठरली हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. मेल्टझर कुस्त्यांना तारे देतात. त्यांनी पहिलीला पाचपैकी साडेचार दिले आणि दुसरीला उणे चार. उणे, म्हणजे शून्याच्याही खाली चार पायऱ्या.

गंमत अशी की या दोन्ही कुस्त्या एकाच दिवशी, एकाच आखाड्यात, तासाभराच्या आतबाहेर झाल्या. २९ मार्च १९८७, मिशिगनमधल्या पाँटिअॅकचं सिल्व्हरडोम स्टेडियम, कार्यक्रम रेसलमेनिया ३, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा मेळा. आणि स्टेडियम भरलं होतं ते दुसऱ्या, टुकार ठरलेल्या कुस्तीसाठी.

हा कार्यक्रम मी आजवर किती वेळा पाहिला, ते सांगायची लाज वाटते. दर वेळी तारे देत बसतो आणि दर वेळी शेवटच्या कुस्तीपाशी अडतो. म्हणून या वेळी तारे बाजूला ठेवले आणि प्रश्न उलटा घातला. होगन-आंद्रे कुस्ती जोडणाऱ्यांपुढे नेमकी अडचण काय होती, आणि त्यांनी ती कशी सोडवली?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ ही शिवी आहे. दोघांनी आधीच ठरवून लढायचं आणि तिकीट काढून आलेल्याला फसवायचं. खासबागेत असं झाल्याचा नुसता संशय आला तरी लोक आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतील. अमेरिकी व्यावसायिक कुस्ती मात्र मुळातच नुरा. १९८७ साली कंपनी तसं तोंडाने कबूल करत नव्हती. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, न्यू जर्सी राज्याचे क्रीडा नियम आणि कर चुकवण्यासाठी व्हिन्स मॅकमॅन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने ‘हा खेळ नाही, करमणूक आहे’ असं अधिकृतपणे सांगून टाकलं. तेव्हा कोण जिंकलं हा इथे प्रश्नच नाही. नुरा कशी वठली, एवढंच बघायचं.

आता अडचण. आंद्रेचा जन्म फ्रान्समधला, १९४६चा. शरीरात वाढीचं संप्रेरक जास्त झाल्यामुळे होणारा अॅक्रोमेगली हा आजार त्याला होता. हाडं वाढत राहतात, हात-पाय-जबडा मोठा होत जातो आणि सांधे झिजतात. जाहिरातीत उंची सात फूट चार इंच, वजन ५२० पौंड, म्हणजे साधारण २३६ किलो. यातले इंच आणि पौंड थोडे फुगवलेले धरले तरी माणूस डोंगराएवढा होताच. सत्तरच्या दशकातला आंद्रे चपळ होता. जुनी चित्रफीत पाहिली तर विश्वास बसत नाही. पण १९८६ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. मार्च १९८७ मध्ये तो आला तेव्हा नेहमीची चड्डी गेली होती. अंगात एका खांद्यावर पट्टा असलेला काळा पोशाख होता आणि त्याच्या आत पाठीला आधार देणारा पट्टा बांधलेला होता.

म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या मैदानातली पहिल्या नंबरची कुस्ती, आणि तिच्यातला एक पैलवान धड चालूही शकत नाही. वस्तादाने काय करावं?

मॅकमॅन यांच्या माणसांनी पहिलं काम आखाड्याबाहेर केलं. भांडण असं रचलं की कुस्ती सुरू होण्याआधीच अर्धी झाली होती. होगन जानेवारी १९८४ पासून विजेता होता. टीव्हीवरच्या एका भागात, तीन वर्षं विजेतेपदाचा पट्टा राखल्याबद्दल त्याला भला मोठा करंडक दिला. आंद्रे त्याचा मित्र. त्याने येऊन अभिनंदन केलं. मग आंद्रेलाही एक करंडक मिळाला, पंधरा वर्षं न हरल्याबद्दल, आणि तो आकाराने चक्क लहान होता. वर होगनने मध्येच येऊन माइक हातात घेतला. आंद्रे काही न बोलता निघून गेला.

कुठल्याही लग्नघरात वावरलेल्या मराठी माणसाला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. हे मानपानाचं भांडण आहे. व्याह्याला भरजरी फेटा आणि थोरल्या काकांना टॉवेल-टोपी, तसं. पुढच्या भागात आंद्रे आला तो बॉबी हीननला बरोबर घेऊन. हीनन म्हणजे सगळ्या खलनायकांचा व्यवस्थापक, वर्षानुवर्षं आंद्रेच्या वाईटावर असलेला माणूस. आंद्रेने होगनला आव्हान दिलं, त्याचा शर्ट फाडला आणि त्या ओढाताणीत गळ्यातला क्रूसही तुटला. होगनच्या छातीवर रक्ताचा ओरखडा दिसत होता. या सगळ्यात आंद्रेला धावावं लागलं नाही, पडावं लागलं नाही, फक्त हात पुढे करावा लागला.

शिवाय एक खोटं बेमालूम विकलं. आंद्रे पंधरा वर्षं अजिंक्य आहे आणि त्याला कुणी उचलून आपटलेलं नाही, हे ते खोटं. खरं तर ऑगस्ट १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर खुद्द होगननेच त्याला उचलून आपटलं होतं. तेव्हा होगन खलनायक होता, आंद्रे लोकांचा लाडका, आणि कुस्ती आंद्रेनेच जिंकली होती. सात वर्षांत भूमिका उलटल्या आणि जुनं सगळं पुसलं गेलं. घरोघरी चित्रफितींचा साठा नव्हता, जुनं शोधून तोंडावर फेकण्याची सोय नव्हती, म्हणून हे पचलं. आज असं काही बोललं तर पाच मिनिटांत कुणीतरी पुरावा काढून दाखवेल.

आता कार्यक्रमाकडे. कुस्त्या बारा. कोल्हापूरकडच्या मैदानासारखीच मांडणी, लहान जोडी आधी आणि नंबरची जोड शेवटी. अॅरिथा फ्रँकलिन यांनी पियानोवर बसून देशभक्तिपर गीत म्हटलं. समालोचनाला गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेंचुरा. पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झालेला तोच हा व्हेंचुरा. एकजण नायकांची बाजू घेणार आणि दुसरा निर्लज्जपणे खलनायकांची, हा सूर त्या दोघांइतका कुणाला जमलेला मी ऐकला नाही.

पहिल्या आठांतल्या बऱ्याच कुस्त्या आज पाहिल्या नाहीत तरी चालेल. बिली जॅक हेन्स आणि हर्क्युलिस दोघेही आखाड्याबाहेर राहिल्यामुळे रेफ्रीच्या मोजणीत बाद झाले, निकाल नाही. बुटक्या मल्लांच्या कुस्तीत महाकाय किंगकाँग बंडीने बुटक्या लिटल बीव्हरवर अंग टाकून कोपर मारलं, तेव्हा बंडीच्या स्वतःच्या बाजूचे दोघे बुटके मल्लही त्याच्यावर उलटले. लोक हसायला बसले होते ते चपापले, आणि आज तो प्रकार पाहवत नाही. रॉडी पायपरने ॲड्रियन ॲडोनिसला हरवलं आणि मग ब्रूटस बीफकेकने ॲडोनिसचे केस कापले. आखाड्यापर्यंत पायपर गाडी नाकारून पायी आला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीतल्या डायनामाइट किडची पाठ तीनच महिन्यांपूर्वी निकामी झाली होती, म्हणजे त्या दिवशी मोडक्या पाठीचा आंद्रे एकटा नव्हता. पण तिघा-तिघांच्या कुस्तीत किडला झाकता आलं.

गाडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ड्रेसिंग रूमपासून आखाडा फारच लांब होता. म्हणून पैलवानांना आणायला छोट्या मोटारगाड्या केल्या होत्या, अगदी आखाड्याच्याच आकाराच्या, चारी बाजूंनी दोऱ्या लावलेल्या. दिसायला थाटाच्या. पण आंद्रे त्या लांबलचक वाटेवरून पायी आला असता तर काय दिसलं असतं, याचा विचार केला की त्या गाड्यांचं खरं मोल कळतं.

नववी कुस्ती स्टीमबोट-सॅव्हेज. इंटरकॉन्टिनेंटल या कंपनीच्या दुय्यम विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी, साडेचौदा मिनिटांच्या आसपास. पूर्वपीठिका साधी होती. आधीच्या नोव्हेंबरमध्ये सॅव्हेजने आखाड्याची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा चिरडल्याचं दाखवलं होतं. सॅव्हेज तरुणपणी बेसबॉल खेळलेला आणि तयारीच्या बाबतीत वेडा म्हणावा इतका काटेकोर. तेव्हा बहुतेक पैलवान शेवट तेवढा ठरवत आणि मधलं आखाड्यात एकमेकांच्या कानात बोलून रचत. सॅव्हेजने अख्खी कुस्ती कागदावर उतरवली, एकेका डावाला क्रमांक दिले आणि स्टीमबोटला फोन करून परीक्षा घेतली. अमुक क्रमांकापासून पुढे म्हणून दाखव. स्टीमबोटने पुढे मुलाखतींत हे सांगितलं आहे.

ती मेहनत कुस्तीत दिसते. एक डाव संपायच्या आत दुसरा सुरू होतो. पाठ टेकलेली असताना रेफ्रीने तीन मोजले की कुस्ती संपते; इथे दोनपर्यंत मोजून सुटण्याचे प्रसंग इतके येतात की लोक प्रत्येक वेळी अर्धवट उभे राहतात आणि परत बसतात. सॅव्हेज स्टीमबोटच्या गळ्यावरच घाव घालत राहतो, म्हणजे चार महिन्यांपूर्वीची गोष्ट एकही शब्द न बोलता पुढे सरकते. शेवटी सॅव्हेज पुन्हा घंटा हातात घेतो, स्टीमबोटच्या कोपऱ्यातला जॉर्ज स्टील त्याला वरच्या दोरीवरून खाली ढकलतो, सॅव्हेज उठून स्टीमबोटला आपटायला उचलतो आणि स्टीमबोट हवेतल्या हवेत त्याची घडी करून पाठ टेकवतो. एक, दोन, तीन. आपल्या वृत्तपत्री भाषेत ‘प्रेक्षणीय लढत’. साडेचार तारे रास्तच. मी असतो तर पाच दिले असते.

पण एक खटकतं. ही कुस्ती इतकी घट्ट बांधली आहे की चुकायला जागाच नाही. दहाव्यांदा पाहताना मला पैलवान दिसत नाहीत, ते क्रमांक दिसायला लागतात. हा दोष त्या दोघांचा म्हणायचा की दहा वेळा पाहणाऱ्याचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

मग दोन कुस्त्या उरतात, आणि शेवटची.

आंद्रे आणि हीनन गाडीतून आले तेव्हा लोक त्यांच्यावर हाताला येईल ते फेकत होते. होगन पायी आला. घंटा झाली. दोघे समोरासमोर उभे राहिले, आणि कॅमेरा खालून धरलेला. होगन स्वतः साडेसहा फुटांच्या वर, तरी त्याची मान वर गेलेली. तो क्षण ते लांबवतात. इथे डाव एकही नाही. आपण फक्त दोन मापं शेजारी ठेवून बघतो आहोत. लहानपणी रेसलिंगच्या ट्रम्प कार्डांवर उंची, वजन, छाती, दंड असे रकाने असायचे आणि आम्ही पोरं नुसत्या आकड्यांवर कुस्त्या जिंकायचो-हरायचो. त्या खेळाचं मर्म इथे आहे.

मग पहिल्याच मिनिटात, दोन-चार ठोसे मारून झाल्यावर, होगन आंद्रेला उचलायला जातो. एक हात मांड्यांमधून, एक मानेवरून. आंद्रेचे पाय जेमतेम सुटतात, होगनची कंबर मोडल्यासारखी होते आणि सगळा डोंगर त्याच्या छातीवर येतो. रेफ्री जोई मरेला आडवा होऊन मोजतो. एक, दोन, आणि तिसऱ्याला हात खाली येता येता होगनचा खांदा उचलला जातो. (हा मरेला म्हणजे समालोचक मॉन्सूनचा मुलगा, ही गोष्ट पडद्यावर कधी सांगितली जात नसे.) तो तिसरा टोला झालाच होता, असं म्हणत पुढे वर्षभर हे भांडण तापत ठेवलं.

माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातली सर्वांत हुशार खेळी हीच. एकतर मालकाचा लाडका नायक पहिल्याच मिनिटात हरता हरता वाचला. दुसरं म्हणजे ‘उचलता येत नाही’ हे आता जाहिरातीतलं वाक्य उरलं नाही, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि तिसरं, होगनची पाठ गेली. आता पाठ धरून लोळायचं काम त्याचं. ज्याची पाठ खरोखर गेली होती तो उभा राहून लाथा मारतोय, आणि धडधाकट माणूस कळवळतोय. दुखण्याची अदलाबदल करून टाकली.

त्यानंतरची मिनिटं, ज्यांना उणे चार तारे मिळाले ती, खरंच संथ आहेत. आंद्रे होगनच्या पाठीवर पाय देतो, डोक्याने धडक मारतो, कोपऱ्यात दाबून धरतो. मग अस्वलमिठी. ती मिठी संपता संपत नाही. मेल्टझर यांचं म्हणणं या भागापुरतं मला शंभर टक्के मान्य आहे. कुस्ती म्हणून पाहिलं तर दोन दमलेली माणसं एकमेकांना धरून उभी आहेत. पण आवाज बंद करू नका. होगन शुद्धीवर आहे का ते पाहायला रेफ्रीने त्याचा हात उचलून सोडला, पडला; पुन्हा उचलला, पडला; तिसऱ्यांदा तो हवेत राहिला तेव्हा त्या गर्दीतून जो आवाज निघाला, तो स्टीमबोटच्या कुठल्याही डावाला मिळालेला नाही. आणि मिठीत आंद्रेला विश्रांती मिळत होती, होगनच्या अंगावर भार टाकता येत होता. दोन्ही कामं एकाच वेळी साधत होती.

मध्येच आखाड्याबाहेर एक गफलत झाली. होगनने जमिनीवरची गादी उचलून आंद्रेला सिमेंटवर डोक्यावर आपटण्याचा पवित्रा घेतला. आंद्रेने त्यालाच पाठीवरून पलटवलं. नायकाने असलं काही करू नये, आणि त्या पाठीला तो झटका द्यायची काहीच गरज नव्हती. हा तुकडा काढून टाकला असता तर बरं झालं असतं.

परत आत आल्यावर होगन हात आडवा मारून आंद्रेला पहिल्यांदा खाली पाडतो. सगळं स्टेडियम उभं. मग ती उचल.

हा डाव जवळून बघण्यासारखा आहे. उचलून आपटण्यात उचलणारा दिसतो, पण अर्धं काम उचलला जाणारा करतो. तो टाचा उचलून लहानशी उडी घेतो, वजन पुढच्याच्या खांद्यावर देतो, हवेत अंग ताठ धरतो. त्याने साथ दिली नाही तर जगातला कुणीही त्याला उचलणार नाही. म्हणजे आंद्रे उचलला गेला तो त्याने उचलून घेतलं म्हणून, आणि ती उडी त्या पाठीतून आली. मग उंचावरून त्याच पाठीवर पडला. होगन तिथे क्षणभर अडखळतो, पहिल्या वेळेसारखंच होणार असं वाटतं, आणि पुढच्या घटकेला आंद्रे आडवा. वर पायाचा घाव, तीन टोले, कुस्ती खलास. जेमतेम बारा मिनिटं.

पुढे होगनने ही गोष्ट मुलाखतींत इतकी रंगवली की दर वेळी आंद्रेचं वजन वाढत गेलं. त्याला दोष देत नाही. मासा पकडणारा प्रत्येक जण तेच करतो.

प्रेक्षकसंख्येचा वाद तेवढा उरतो. त्या दिवशी जाहीर झालेला आकडा ९३,१७३. मेल्टझर यांच्या हिशेबाने तो ७८ हजारांच्या आसपास. कंपनी आजही पहिलाच सांगते. मला दुसरा पटतो, पण त्याने काही बिघडत नाही. ज्या कुस्तीत वजन, उंची आणि अजिंक्यपद सगळंच फुगवलेलं, तिची गर्दी तेवढी खरी कशाला हवी? स्टेडियम डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. पहिल्या दिवशी स्फोट झाले आणि ते जागचं हललंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्फोट करावे लागले.

तेव्हा निकाल काय द्यायचा? हाताशी जे होतं त्याच्याशी कुस्ती ताडून पाहिली तर स्टीमबोट-सॅव्हेजने दोन उत्तम शरीरांतून उत्तम कुस्ती काढली. होगन-आंद्रेने एका मोडलेल्या शरीरातून त्या दिवसाचा सर्वांत मोठा क्षण काढला. मेल्टझर यांचा तारा हालचालीला मिळतो आणि तो चुकीचा नाही. पण त्या मापाने ही कुस्ती मोजणं म्हणजे तमाशातल्या सोंगाड्याला गाता येत नाही म्हणून नापास करणं.

मानपानाच्या भांडणाचा शेवट मात्र वर्षभराने झाला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी दोघांची पुन्हा जोड लागली, या वेळी थेट एनबीसी वाहिनीवर, आणि ३ कोटी ३० लाख लोकांनी ती पाहिली. रेफ्रीच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा माणूस घुसवून आंद्रेला जिंकवलं. ज्याला एकेकाळी लहान करंडक मिळाला होता त्याच्या कमरेला अखेर जगज्जेत्याचा पट्टा आला. त्याने दोन मिनिटांच्या आत तो टेड डिबियासी या दुसऱ्या खलनायक मल्लाच्या हवाली केला, आणि देताना माइकवर त्याला चुकून ‘टॅग टीम’चा, म्हणजे जोडीने लढणाऱ्यांचा, पट्टा म्हणाला.